बेस जुना

खर्जूच्या वर्गात पहिले दोन आठवडे कुणालाही अख्खं गाणं ऐकायला मिळत नसे. मुलं वैतागायची. साउंड इंजिनिअरिंग शिकायला आलेली, काळ्या टी-शर्टातली, हेवी मेटलवर जीव टाकणारी पोरं-पोरी; त्यांना वाटे, आता स्पीकर फुटेस्तोवर गाणी वाजणार. आणि ही बाई नुसता ड्रम लावून बसायची. मग नुसती गिटार. मग नुसता गळा.

"हेवी मेटलचं गाणं म्हणजे भांडण चाललेलं घर," ती सांगायची. "सगळे एकदम ओरडतात. कोण काय म्हणतंय ते कुणाला कळत नाही. म्हणून एकेकाला वेगळ्या खोलीत न्यायचं, दार लावायचं आणि विचारायचं, बाबा, तुझं म्हणणं काय?"

टायरच्या गोदामावरच्या दुसऱ्या मजल्यावर तो वर्ग होता. भिंतींना राखाडी फोम, सोळा खुर्च्या, एक लांबलचक मिक्सिंग टेबल आणि दोन स्पीकर, त्यातल्या एकाचं कापड कोपऱ्यात उसवलेलं. खालून रबराचा वास यायचा. खर्जू एकेक वाद्य सुटं करून ऐकवायची आणि हळूहळू पोरांना त्यात गंमत वाटू लागायची. जगाचा अंत आणणारा गायक प्रत्येक किंकाळीआधी शहाण्या बाळासारखा आवंढा गिळतो, हे सुट्या ट्रॅकवर लख्ख ऐकू यायचं. ड्रमवाला तोंडातल्या तोंडात आकडे मोजायचा. गिटारवाल्याची खुर्ची करकरायची. पोरं खो खो हसायची, मग गप्प होऊन ऐकायची. त्यानंतर ती त्यांना सगळे ट्रॅक देऊन सांगायची, "आता हे घर तुम्ही पुन्हा मांडा. कुणाला पुढे बसवायचं, कुणाला मागे, तुमचं तुम्ही ठरवा." सोळा जण एकाच गाण्याची सोळा गाणी करून आणायचे. ते ऐकताना खर्जूचा दिवस मजेत जाई.

खर्जू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणापासून तिचा आवाज जाड, खर्जातला. फोनवर लोक तिला "काका" म्हणायचे. तिच्या दादाने चिडवायला हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते कायमचं. पुढे तिने बेस गिटार हातात घेतली तेव्हा तर त्या नावाचं सोनंच झालं.

दादा तिच्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानेच बँड काढला होता. तो गिटारवर, ती बेसवर, ड्रमवर दादाचा शाळेतला दोस्त, ज्याला सगळे ठोक्या म्हणत, आणि गायला एक उंच, लाजाळू मुलगा. वीस वर्षांपूर्वी त्यांनी एकच अल्बम केला. आठ गाणी. त्यातलं 'गंज' नावाचं गाणं इतकं गाजलं की आजही कुठल्याही गॅरेजमध्ये चार पोरं वाद्यं घेऊन बसली की आधी तेच वाजवतात. जाणकार म्हणायचे, त्या अल्बमचा पाया म्हणजे बेस. वर गिटारी कितीही थैमान घालोत, खाली बेस जरासुद्धा हलत नाही.

आणि त्या बेसची एक गोष्ट होती. ती दादाच सांगायचा, प्रत्येक मुलाखतीत, प्रत्येक स्टेजवर. "रेकॉर्डिंगच्या दिवशी हिच्या अंगात सणसणून ताप होता. उभं राहता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसली आणि आठही गाणी एका दमात वाजवली. एका टेकमध्ये!" लोक टाळ्या वाजवायचे. खर्जू खाली मान घालून हसायची. तिला त्या दिवसाचं फार काही आठवत नसे. तापात माणसाला जितकं आठवतं तितकंच. भिंतीचा गारवा, तारांचा बोटांना लागणारा थंडपणा, आणि संपल्यावर दादाने खांद्यावर टाकलेली शाल.

पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध दादा कधी सांगत नसे. अल्बम निघाल्यावर खर्जूला स्वतःसारखं वाजवता येईना. रेकॉर्डवर प्रत्येक सूर हातोडीने ठोकल्यासारखा सुरू व्हायचा, टणक, धारदार. स्टेजवर तिचा सूर गोल यायचा. ती बोटांनी वाजवायची, पहिल्यापासून. मास्तरांना, म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्या त्या वडीलधाऱ्या माणसाला, तिने विचारलंही होतं. ते इकडेतिकडे बघत म्हणाले होते, "मी थोडी धार लावलीय मशीनवर." मग तिला वाटलं, उरलेली धार आपल्याच हातात असणार. ती रोज सहा सहा तास बसायची. तारा जोरात, आणखी जोरात ओढायची. बोटांना घट्टे पडले, घट्टे फुटले. दादाचं नवीन लग्न झालं होतं. वहिनी संध्याकाळी गरम पाण्याचं पातेलं घेऊन यायची आणि तिचं मनगट शेकून द्यायची. दीड वर्षाने उजवं मनगट कायमचं गेलं. जड पिशवी उचलली तरी कळ थेट कोपरात जायची. तिने बँड सोडला. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

"मी माझ्याच रेकॉर्डिंगसमोर हरले," ती विद्यार्थ्यांना हसत सांगायची. आता इतक्या वर्षांनी ते हसून सांगता येत होतं.

यंदा अल्बमला वीस वर्षं होत होती. दादा तो नव्याने काढायच्या खटपटीत होता, नव्या वेष्टनात. त्याच सुमारास मास्तरांचा फोन आला. स्टुडिओ बंद करतोय, म्हणाले. गुडघे गेले, जिना चढवत नाही. "तुमच्या अल्बमची मूळ हार्ड डिस्क माझ्याकडे पडून आहे. सगळे ट्रॅक सुटे आहेत. दुसऱ्या कुणाला देण्यापेक्षा तू ने. तुझ्या पोरांना शिकवायला होईल." खर्जू जाऊन घेऊन आली. बुटांच्या खोक्यात, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली डिस्क. मास्तर दारापर्यंत आले आणि काहीतरी बोलायचं असल्यासारखे उभे राहिले. मग म्हणाले, "सावकाश ऐक हं."

तिने घरी ती उघडून पाहिलीच नाही. तिला ती मजा वर्गात घ्यायची होती. खरं सांगायचं तर थोडी मिरवायचीही होती.

मंगळवारी सकाळी दहाच्या वर्गात तिने डिस्क लावली. "आज 'गंज'," म्हणाली. सोळाच्या सोळा जणांनी आरोळी ठोकली. "मीसुद्धा हे सुटं कधी ऐकलेलं नाही. तुमच्याबरोबरच ऐकणार."

आधी ड्रम लावला. ठोक्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा किंचित उतावीळ होता. तिने ते दाखवून दिलं. मग दादाची गिटार. मग गायक, त्या लाजाळू मुलाने ओरडण्याआधी हळूच "सॉरी" म्हटलेलं ऐकू आलं आणि वर्ग फुटला. खर्जूसुद्धा डोळे पुसत हसली.

"आणि आता," ती म्हणाली, "तुमची मॅडम, वय वर्षं बावीस, ताप डोक्यात चढलेला." आणि बाकी सगळं बंद करून तिने बेस सुरू केला.

पहिले पाच-सहा सेकंद ती हसतच होती. मग तिचं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं.

प्रत्येक सुराच्या आधी एक बारीक 'टिक' होती. नखाने टेबलावर वाजवावं तशी. अख्ख्या गाण्यात ती गिटारींच्या गदारोळाखाली दबलेली होती; इथे सुटी, नागडी ऐकू येत होती. टिक, टिक, टिक. कुणीही जाणकार डोळे मिटून सांगेल, ही बोटं नव्हेत. हा पिक आहे, तारा छेडायचा प्लास्टिकचा तो लहानसा तिकोनी तुकडा. खर्जूने आयुष्यात पिक हातात धरलेला नव्हता.

पुढच्या खुर्चीवर बसणारी एक मुलगी होती, महिनाभरात चार वाक्यं बोललेली. तिने हात वर केला. "मॅडम, तुम्ही बोटांनी वाजवता ना?"

"हो."

"मग हे..." मुलीला आपण काय विचारतोय ते अर्ध्यातच कळलं आणि तिने हात खाली घेतला.

खर्जूने गाणं थांबवलं नाही. तिला थांबवता आलं नाही. दुसऱ्या कडव्याआधी वाजवणाऱ्याने वरच्या सुरावरून खाली घसरत येऊन मुख्य सूर पकडला होता. ती घसरण तिने लहानपणापासून शेजारच्या खोलीतून हजारदा ऐकली होती. आपल्या माणसाच्या पायांचा आवाज जिन्यावर ओळखू यावा तसा तिने तो हात ओळखला. तो दादाचा हात होता.

"आज इथेच थांबू," ती म्हणाली. पोरं एरवी खुर्च्या ढकलत, कलकलाट करत जायची. त्या दिवशी आजाऱ्याच्या खोलीतून निघावं तशी निघाली.

वर्ग रिकामा झाल्यावर ती पुन्हा टेबलाशी बसली. काहीतरी घोटाळा असेल, असं मन म्हणत होतं. संगणकावर ध्वनी कापला तरी तो खरा कापला जात नाही. शिवताना कापड आत दुमडावं तसा नुसता दुमडून राहतो. कडा धरून ओढली की आतलं बाहेर येतं. तिने बेसच्या ट्रॅकची डावी कड धरली आणि ओढली. गाण्याच्या आधीचे चाळीस सेकंद उलगडले. अँप्लिफायरसमोर ठेवलेल्या माइकने खोलीतलं बोलणं टिपलं होतं.

मास्तरांचा आवाज, लांबून: "चालू आहे. आणि तिला सांगणार आहेस ना?"

दादाचा आवाज, सव्वीस वर्षांच्या दादाचा: "सांगेन हो. सवडीने."

ठोक्या: "कशाला सांगतोस? रडत बसेल."

मग दादाचं हसणं. "तसंही तिला कुठे कळतंय काय ते. चला. एक, दोन, तीन, चार."

खर्जूने ते तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या लक्षात आलं की आपण उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट आवळून बसलोय.

मग तिने बाकीची यादी खाली सरकवली. अगदी तळाशी, करड्या रंगात, बंद करून ठेवलेले आठ ट्रॅक होते. प्रत्येकावर मास्तरांनी लिहिलं होतं: 'बेस जुना'.

ती तिची स्वतःची बावीस वर्षांची बोटं होती. ती तिने त्या दिवशी ऐकली नाहीत. धीर झाला नाही. तिने मास्तरांना फोन लावला.

"ऐकलंस," मास्तर म्हणाले. विचारलं नाही, नुसतंच म्हणाले.

"मास्तर, तुम्ही मला सांगायला हवं होतं."

"तो सांगणार होता गं. शब्द दिला होता त्याने. मला वर्ष-दोन वर्षं वाटत होतं सांगितलं असेल. मग तुझा हात गेल्याचं कळलं आणि... माझी हिंमत झाली नाही. धार लावली म्हणून मीच खोटं बोललो होतो ना तुझ्याशी. म्हणून डिस्क तुला दिली."

दादाचं चष्म्याचं दुकान होतं. पांढरा कोट, पाठीवर पांढुरकी पोनीटेल, बोलणं गोड. म्हाताऱ्या बायका डोळे तपासायला त्याच्याकडेच यायच्या. दुपारी दुकान रिकामं असतं हे खर्जूला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती गेली आणि सरळ डोळे तपासायच्या उंच खुर्चीत जाऊन बसली.

"काय गं, चाळिशी लागली का?" दादा हसला.

तिने पिशवीतून हेडफोन काढून त्याच्यापुढे धरले. "दोन तुकडे आहेत. तू दिवसभर लोकांना विचारतोस ना, पहिलं बरं की दुसरं? तसं सांग."

तिने वर्गात दोन्ही बेस एकेक करून 'गंज'च्या ड्रमवर बसवून आणले होते, ऐन मधले तीस-तीस सेकंद. तिने स्वतः अजून दुसरा नीट ऐकलेला नव्हता. जागेवर बसवण्यापुरता, आकड्यांकडे बघत ऐकला होता. दादाने हेडफोन चढवले. त्याचा चेहरा बदलायला तीस सेकंदही लागले नाहीत. तरी त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हे मात्र खरं. मग हेडफोन काढून काउंटरवर ठेवले, एक भिंग उचललं आणि फडक्याने पुसायला लागला. भिंग स्वच्छच होतं.

"पहिलं माझं," तो म्हणाला. "दुसरं तुझं. मास्तरांनी दिलं?"

"हो."

"खर्जू, तुला ताप होता. स्टुडिओचे दोनच दिवस हातात उरले होते. तिसऱ्या गाण्यात तू भलतीकडेच गेलीस, निम्मं गाणं चुकलीस, तुला पत्ताही नव्हता. काय करणार होतो? दुसऱ्या दिवशी तू घरी झोपलेली होतीस, मी बसलो आणि वाजवलं."

"तिसरं गाणं. मग आठही का?"

"एक बदललं की बाकीच्यांशी जुळेना." भिंगावरचं फडकं फिरतच होतं. "आणि खरं सांगू? मला माझं जास्त आवडलं."

"मग सांगायचंस."

"सांगणार होतो. पण पूर्ण अल्बम तुला पहिल्यांदा ऐकवला तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून रडलीस. म्हणालीस, दादा, हे मी वाजवलं? मी असं वाजवू शकते? आता तूच सांग, तेव्हा मी काय बोलायला हवं होतं?"

"'नाही' म्हणायचंस," खर्जू म्हणाली. "एकच शब्द होता."

दादाने भिंग उजेडात धरून पाहिलं.

"एका टेकमध्ये वाजवल्याची गोष्ट तर तूच रचलीस. ती सांगायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"लोकांना आवडायची गं. तुझंच नाव होत होतं त्यात."

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"मास्तर. ठोक्या. गायकाला नंतर कळलं."

"आणि घरात?"

दादाने समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं, जणू शेवटची ओळ वाचायची त्याचीच पाळी होती. "लग्नानंतर हिला सांगितलं मी. एकदा तू आत वाजवत होतीस, तेव्हा."

खर्जूच्या डोळ्यांसमोर ते पातेलं आलं. वाफ, ओला टॉवेल, आणि मनगटावरून हळुवार फिरणारा वहिनीचा अंगठा. 'होईल गं बरं,' असं ती रोज म्हणायची. रोज तिला माहीत होतं.

"मी बोटांनी पिकचा आवाज काढायला बघत होते, दादा," ती म्हणाली. तिचा जाड आवाज चिरकला. "तो बोटांतून निघतच नाही. कुणाच्याच निघत नाही. दीड वर्ष मी तार ओढून ओढून हात मोडून घेतला, आणि तू शेजारच्या खोलीत बसून ऐकत होतास. तुझ्यासारखं वाजवायला मी धडपडत होते आणि तू मला सांगत होतास, 'जमेल, अजून थोडा जोर लाव.' आठवतंय? जोर लाव म्हणायचास!"

"मला वाटलं हात तयार होईल. इतकं होईल असं नव्हतं वाटलं."

"मी बँड सोडला तेव्हा तुला सुटल्यासारखं वाटलं?"

इथे तो खोटं बोलू शकला असता. वीस वर्षं बोलला होता, आणखी एकाने काय बिघडणार होतं? त्या क्षणी खर्जूला मनातून वाटतही होतं, बोल बाबा, खोटं बोल.

"हो," दादा म्हणाला.

ती खुर्चीवरून उतरली. "नव्या वेष्टनावर खरी नावं छाप. बेसपुढे तुझं. आणि जे झालं ते लोकांना सांग."

"आता? वीस वर्षांनी? लोक काय म्हणतील?"

"तुला शब्द सुचतील," ती म्हणाली. "तुला सुचतात."

आणि त्याला सुचले. तीन दिवसांनी दादाने बँडच्या पानावर लांबलचक मजकूर टाकला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं असाच होता तो. आजारी बहीण. हातातून निसटत चाललेले दिवस. भावाने मुकाट्याने उचललेली जबाबदारी. 'तिचं मन मोडू नये म्हणून हे ओझं मी वीस वर्षं एकट्याने वाहिलं,' असं त्याने लिहिलं होतं. मनगटाबद्दल अक्षर नाही. सहा सहा तासांबद्दल नाही. 'तिला कुठे कळतंय' हे तर नाहीच. तिचे आठ ट्रॅक अजून आहेत, हेसुद्धा नाही. खाली हजारोंनी बदाम उमटले. 'असा भाऊ नशिबाने मिळतो,' एकाने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, 'गिटार तर गिटार, बेसही तुमचाच! मानलं!' कुणीतरी खर्जूलाही सल्ला दिला होता: 'ताईंनी आता मोठ्या मनाने माफ करावं.'

खर्जूने ते सगळं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं. कॉफी उतू जाऊन शेगडी विझली तेही तिला कळलं नाही. पहिल्या वेळी केसाने गळा कापला होता. या वेळी भर चौकात, आणि वर हारही त्याच्याच गळ्यात पडत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. आधी फोन न करता, डबा घेऊन. दारातच म्हणाली, "तो जेवत नाहीये नीट. तू एकदा बोल त्याच्याशी."

"वहिनी, तुम्ही माझा हात शेकायचात तेव्हा तुमच्या मनात काय असायचं?"

वहिनी डब्याचं झाकण चाचपत राहिली. "मला वाटायचं, निदान एवढं तरी करावं," ती म्हणाली. "मी नवी होते त्या घरात. तुम्हा भावंडांच्या मध्ये कुठे पडणार?"

खर्जूला तिचा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. तिने डबा घेतला. आत या मात्र म्हटलं नाही.

सोमवारी वर्गात पोरं अवघडून बसली होती. सगळ्यांनी तो मजकूर वाचलेला होता, हे चेहऱ्यांवरून दिसत होतं. खर्जूने डिस्क लावली. "तुम्ही अर्धं वाचलंय," म्हणाली. "उरलेलं ऐका." तिने आधी ते चाळीस सेकंद लावले, माइकने टिपलेले. मग ती म्हणाली, "आता काम. आठ गाणी, दोन बेस. वाजवणारा कोण ते विसरायचं. नावं मी काढून टाकली आहेत. अ आणि ब. प्रत्येक गाण्यात कोणता ठेवायचा, आणि का, ते सांगायचं. माझी भीड धरायची नाही. भीड धरली की मला ऐकू येतं."

तिने स्वतःची बोटं पहिल्यांदा नीट ऐकली ती अशी, सोळा जणांच्या मध्ये बसून.

काम तीन आठवडे चाललं. पोरांनी भीड धरली नाही. तिसरं गाणं खरंच वाया गेलेलं होतं. दादा त्याबाबतीत खोटं बोलला नव्हता. तापलेली बावीस वर्षांची मुलगी मध्येच दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्यात शिरली होती आणि तिथेच रमली होती. आणखी दोन गाण्यांत सगळ्यांनी दादाचा बेस ठेवला, आणि खर्जूनेही. तिथे तो नेमका होता, चपळ होता. पण उरलेल्या पाच गाण्यांत पोरं एकेक करून तिच्याकडे आली. 'गंज'वर सर्वांत जास्त वाद झाला.

"ब मागे आहे," एकजण म्हणाला. "ड्रमच्या किंचित मागे. प्रत्येक वेळी."

"तेच तर!" पुढच्या खुर्चीवरची ती न बोलणारी मुलगी एकदम उसळून म्हणाली. "तो मागे आहे म्हणून गाणं जड होतंय. कुणीतरी काहीतरी ओढत आणतंय असं वाटतं. अ मध्ये कुणी काही ओढत नाहीये. अ मध्ये सगळं चकचकीत आहे. गाण्याचं नाव 'गंज' आहे ना?"

खर्जूने उसवलेल्या स्पीकरकडे तोंड फिरवलं आणि उगाच त्याची वायर तपासली.

पाच गाणी पोरांनी नव्याने मिक्स केली, दोन दादाच्या बेससह जशीच्या तशी ठेवली. वाया गेलेल्या तिसऱ्या गाण्यासाठी खर्जूने माळ्यावरून आपली बेस काढली. पेटीत बुरशीचा वास होता, तारा गंजलेल्या. नव्या तारा चढवल्या. मनगटाला पट्टा बांधून ती वर्गातच, दुपारच्या उन्हात, खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. बोटांनीच. एका वेळी चार मिनिटांपेक्षा जास्त हात टिकत नव्हता. मग अर्धा तास थांबावं लागायचं. तीन दुपारी लागल्या. चौदा टेक झाले. चौदाव्याला मिक्सिंग टेबलाशी बसलेल्या मुलाने मान डोलावली. "मॅडम, हा एकदम स्वच्छ आहे. हाच ठेवू?"

"थांब," ती म्हणाली. "मी ऐकते आणि मी सांगते." तिने चौदाही ऐकले, पहिल्यापासून. आणि नववा निवडला. पोरांना कारण कळलं नाही. तिने सांगितलंही नाही.

ती आठ गाणी तिने संस्थेच्या पानावर टाकली, सोबत कुणाचा बेस कुठे आहे त्याची साधी यादी. लांबलचक मजकूर नाही. दादाच्या बदामांच्या मानाने ऐकणारे मूठभर निघाले. त्यांतल्या काहींनी लिहिलं की मूळच बरं होतं. एका बेस वाजवणाऱ्या अनोळखी बाईने फक्त एवढंच विचारलं, 'गंजमध्ये डाव्या हाताचं बोट नक्की कुठून आणता?' खर्जूने तिला दोन पानी उत्तर लिहिलं.

वीस वर्षांच्या कार्यक्रमाला ती गेली नाही. नव्या वेष्टनावर बेसपुढे दादाचं नाव आलं, तिचं आभारांच्या यादीत. ते तिने टेबलाच्या खणात टाकलं.

दादाचा फोन येतो तेव्हा ती उचलते. आई त्याच्याकडे असते, त्यामुळे बोलावं लागतंच. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, डॉक्टरने शनिवारी बोलावलंय, तू नेशील का मी नेऊ. दोघंही अगदी नीट बोलतात, दुकानदार आणि गिऱ्हाईक बोलतात तसे. एकदा दादा म्हणाला, "खर्जू, किती दिवस?" ती म्हणाली, "गोळ्या तीस दिवसांच्या लिहून दिल्यात," आणि फोन ठेवला.

आईला मात्र तिने अजून काही विचारलेलं नाही. त्या दीड वर्षात आई रोज तिच्या खोलीच्या दाराशी लोकर विणत बसायची आणि मध्ये मध्ये म्हणायची, "थांब आता, पोरी. पुरे झालं. कशासाठी एवढं?" तेव्हा ते साधं आईपण वाटलं होतं. आता शनिवारी दवाखान्याच्या बाकावर आई शेजारी बसलेली असते, तिचा हात आपल्या हातात घेऊन, आणि खर्जूच्या ओठांवर प्रश्न येतो. तेवढ्यात परिचारिका नाव पुकारते, आणि खर्जूला हायसं वाटतं.